मागून येतेय

लोइका टेकडीवर नव्याने राहायला आलेल्या माणसाला चार शिव्या शिकायच्या असतील, तर त्याने सकाळी शाळेच्या वेळी तळाच्या थांब्यावर जाऊन उभं राहावं, असं पूर्वी म्हणायचे. बेलार्मिनो कार्कामोची मिक्रो, म्हणजे टेकड्यांवर चालणारी छोटी बस, बंदराकडून धापा टाकत यायची. थांब्यावर निळ्या गणवेशातल्या पंधरा-वीस मुली हात वर करून उभ्या असायच्या. गाडी अर्धी रिकामी असायची. आणि बेलार्मिनो समोर बघत, मान सुद्धा न वळवता, उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे टाकायचा. म्हणजे, मागून येतेय, तिच्यात बसा.

मागून काही येत नसे. आलंच तर एखादं कुत्रं यायचं.

आता ही काही एकट्या बेलार्मिनोची खोड नव्हती. शाळकरी पोरांचं तिकीट कमी, आणि ड्रायव्हरचं पोट तिकिटावर, त्यामुळे वाल्पाराईसोतले निम्मे ड्रायव्हर गणवेश दिसला की आंधळे होत. पण इतर जण निदान वेग वाढवून, चोरासारखे निघून जात. बेलार्मिनो सावकाश जायचा. अंगठा नीट दिसला पाहिजे, अशी काळजी घ्यायचा. पोरी मग त्याच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांची विचारपूस करायच्या. हा मूळचा दक्षिणेकडच्या चिलोए बेटावरचा, तिकडचा पाऊस अंगावर घेत वाढलेला. शिव्या त्याच्यावरून तशाच निथळून जायच्या.

माणूस बुटका, मान अशी की कॉलर सापडत नाही, आणि बोलणं इतकं कमी की बायकोने, मिर्ताने, दोघांचंही बोलणं स्वतःच्या अंगावर घेतलेलं. ती त्याच्या वतीने भांडायची आणि त्याच्याच वतीने माफीही मागायची. या दोघांना एकच मुलगी, यास्ना. लहानपणी ती बापाच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर उशी टाकून बसायची आणि उतारू चढले की मोठ्या माणसासारखं "मागे सरका, मागे सरका" म्हणायची. तेव्हा बेलार्मिनो हसतो कसा हे लोकांनी पाहिलेलं आहे.

चौदाव्या वर्षी ती टेकडीवरच्या मुलींच्या शाळेत जायला लागली आणि मैत्रिणींबरोबर तळाच्या थांब्यावर उभी राहायला लागली. पहिल्याच दिवशी बापाने फक्त तिच्यासाठी गाडी थांबवून दार उघडलं. यास्ना पायरीवर चढली नाही.

"सगळ्यांना घेणार असशील तर येते," ती म्हणाली.

बेलार्मिनोने थोडा वेळ विचार केला, दार लावलं आणि गाडी हाकली. त्या दिवसापासून पोरगी चढण पायी चढायला लागली. टेकडीवरच्या बायकांनी मिर्ताला विचारलं, काय ग, घरातच संप का? मिर्ता म्हणाली, दोन्ही खेचरं एकाच तबेल्यातली, मी फक्त चारा घालते.

शाळेच्या मुख्याध्यापिका लार्रोंदोबाई. बाई बोलायला लोण्यासारखी. आवाज कधी चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. शाळेतली जागा तिच्या मर्जीवर होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. संडासांना कुलूप का, असं विचारणाऱ्या मुलीच्या आईला बोलावणं जायचं आणि बाई काळजीने म्हणायची, पुढच्या वर्षी तुमच्या मुलीला जागा मिळेल की नाही, मला बाई शंकाच वाटते. फिजिक्सचा मास्तर हा बाईचा भाचा. त्याची नेमणूक होती, पगार होता, तास वेळापत्रकात लावलेले होते. पण त्याला पाहिलेली एकही मुलगी टेकडीवर सापडत नव्हती. काही जणींचं मत होतं की भाचा आजारी असतो. यास्नाचं मत होतं की भाचा नसतोच.

त्या हिवाळ्यात देशभर पोरं शाळा ताब्यात घेत होती, आपल्याही पोरींनी घेतली. रीत ठरलेली असते. वर्गातल्या खुर्च्या आणून फाटकाच्या गजांत कोंबायच्या, पाय बाहेर करून. फाटक असं दिसायला लागतं, जणू साळिंदर फुगून बसलंय. वर एक कापड लावलं होतं, "फिजिक्सचा मास्तर दाखवा". बाहेरच्यांशी बोलायला यास्नाला पुढे केलं होतं. ती गजांच्या आतून पालकांशी, पाद्र्याशी, नगरपालिकेच्या माणसाशी बोलायची, आणि बापासारखी मान खांद्यात घालून उभी राहायची.

मिर्ता रोज रश्श्याचं पातेलं पोचवायची. बेलार्मिनो गेला नाही. पण त्याची मिक्रो शाळेवरून जाताना आजारी पडल्यासारखी चालायला लागली. उतारू विचारायचे, काय रे बेलार, गिअर अडकला का? तो म्हणायचा, चढण आहे. चढण काय काल आली होती? प्रत्येक फेरीला तो त्या खुर्च्यांच्या पायांमधून आत एखादी ओळखीची मान दिसते का ते बघायचा, आणि दिसली की एकदम समोर बघायचा.

घरी संध्याकाळच्या चहाला तीन खुर्च्या. तिसरी यास्नाची. बेटावरच्या आज्याने नातीसाठी केलेली, बसायला वेताची वीण, एक पाय किंचित तोकडा. यास्नाने लहानपणी तिला पिवळा रंग फासला होता. मिर्ता पाव भाजायची, पाल्ता, म्हणजे अवोकाडो, कुस्करून मीठ घालायची, तीन कप मांडायची आणि मग एक उचलून ठेवायची. बेलार्मिनो पिवळ्या खुर्चीकडे पाठ होईल असा बसायला लागला. नंतर चहा उभ्यानेच पिऊन परत गाडीवर जायला लागला.

अशात लार्रोंदोबाईने चर्चच्या हॉलमध्ये पालकांची सभा बोलावली. बेलार्मिनो फेरी अर्धी टाकून गेला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पुढे बसलेल्यांनी बरंच काही विचारायचं ठरवलं होतं, भाच्याबद्दल, कुलपांबद्दल, ज्यांच्या जागा गेल्या त्यांच्याबद्दल. बाईने कुणाला संधीच दिली नाही. ती उठली, डोळे टिपले आणि म्हणाली, की मी आज मुख्याध्यापिका म्हणून बोलत नाही. मी एकच विचारते.

"आज संध्याकाळी आपली मुलगी चहाला घरी असावी, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सगळ्यांत आधी कुणाचा हात वर गेला, हे टेकडीवर अजून सांगतात. मागच्या भिंतीजवळचा. तो विचार करून गेलाच नाही. तहानलेला माणूस पेल्याकडे हात नेतो, तसा गेला. मग एकेक करत सगळ्यांचे गेले. न जायला काय झालं, कुणाला नको असते आपली पोर घरी? बाईने हळू आवाजात आभार मानले आणि सभा संपली.

चहाची वेळ व्हायच्या आधी पाण्याच्या तोफा घेऊन पोलीस आले. पालकांनी एकमुखाने मागणी केली आहे, असं बाईने त्यांना कळवलं होतं. खुर्च्या गजांतून उपटल्या, पोरी धारेखाली भिजल्या, काहींना केसांना धरून बाहेर काढलं. आणि बाहेर काढताना बाई दारात उभी राहून प्रत्येकीला मायेने सांगत होती, रडू नको ग, तुझ्याच बाबांनी हात वर केला.

दिलेला शब्द बाईने पाळला, हे मात्र खरं. यास्ना चहाला घरी आली. केसांतून पाणी गळत होतं, कोपर सोललेलं होतं. मिर्ता टॉवेल आणायला धावली. बेलार्मिनो उठून उभा राहिला. यास्ना बसली नाही.

"बाबा, कुठला हात वर केलास?"

बेलार्मिनोने उजवा हात थोडासा उचलून दाखवला. त्याला वाटलं, खरंच विचारतेय.

"तोच. थांब्यावरून मागे टाकायचास तोच."

एवढंच बोलून ती आत गेली. त्या क्षणी त्याने सांगायला हवं होतं, की अगं, त्या बाईने विचारलं काय आणि केलं काय. मिर्ता त्याला पुढे किती वेळा म्हणाली असेल, तोंडात काय बटाटा होता का? पण बेलार्मिनोला वाटत होतं की प्रश्न कुठलाही असो, हात आपलाच होता.

शाळा परत उघडली तेव्हा नऊ मुलींना दारातच थांबवलं. वर्गांची नव्याने मांडणी झाली आहे, जागा शिल्लक नाही, असं कारण. यास्ना तीन-चार सकाळी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मग एका सकाळी तिने पिशवी भरली आणि दक्षिणेकडची बस धरली, चिलोएला, बापाच्या बहिणीकडे, उबेर्लिंदा आत्याकडे. निघताना आईच्या गळ्यात पडली. बापाला म्हणाली, येते. बेटावर जाणारी माणसं असंच म्हणतात, आणि कधी येणार ते पावसावर सोडतात.

आता इथून बेलार्मिनोचं जे काही सुरू झालं, त्याला टेकडीने आधी वेड म्हटलं. तो हजामत करून, लग्नातला कोट घालून लार्रोंदोबाईला भेटायला गेला. कोटाचं बटण पोटावर लागत नव्हतं, म्हणून टोपी पुढे धरून बसला. बाईने त्याला कॉफी दिली. मुलीची चौकशी केली. आणि म्हणाली, दार माझं उघडंच आहे हो, पण बसवू कुठे? त्यांनीच खुर्च्या गजांत कोंबून मोडल्या. खुर्चीच नाही तर मुलगी कशी घेऊ?

बेलार्मिनो म्हणाला, "खुर्चीच कमी आहे ना?"

बाई म्हणाली, तेवढंच.

बिचारीला काय माहीत, समोर चिलोएचा माणूस बसलाय. बेटावर कुणाला अख्खं घर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचं असलं, तर तो दारोदार जाऊन विनंती करतो, माणसं बैल घेऊन येतात आणि घर ओढून नेतात. त्याला मिंगा म्हणतात. मजुरी द्यायची नसते, जेवू मात्र घालायचं असतं. अट एकच, ज्याचं काम आहे त्याने स्वतः, स्वतःच्या तोंडाने मागायचं. बायकोला पाठवून चालत नाही.

म्हणजे टेकडीवरचा सगळ्यांत मुका माणूस सप्टेंबरच्या वाऱ्यात, पतंग उडत असताना, कोट घालून घरोघरी दार वाजवत फिरायला लागला. लोकांनी आधी दारं उघडलीच नाहीत; वाटलं, धर्मप्रचारवाला आला. उघडलं की हा टोपी काढायचा आणि पाठ केलेलं म्हणायचा, मिंगा आहे, सोमवारी सकाळी, शाळेच्या फाटकापाशी, विनंती करतो. बोलून घामाघूम व्हायचा. हे म्हणताना खुर्ची घेऊन या, हे सांगायचं त्याला पहिल्या सहा-सात घरी सुचलंच नाही. त्यामुळे सोमवारी एवारिस्तो म्हातारा, जो चाळीस वर्षं बंदरावर हमाल होता, जाड दोर खांद्यावर घेऊन आला आणि विचारायला लागला, कुठलं घर ओढायचंय? दोन जण तर बैलांबद्दल बोलत होते. चेला न्हावीण मात्र बरोबर ऐकून आली होती. तिने दुकानातली गोल फिरणारी खुर्ची चार माणसांकडून उचलून आणवली होती, आणि वाटेभर त्यांना, रंग निघाला तर तुमची टक्कलं रंगवीन, असं बजावत होती.

बेलार्मिनोने पिवळी खुर्ची आणली होती. डोक्यावर घेऊन, पाय वर करून.

सगळे फाटकासमोर बसले. चढणीवर खुर्च्या टिकतात होय? घसरायला लागल्या. चेलाची खुर्ची तर स्वतःभोवती फिरत फिरत, तिला घेऊन, पाद्र्याच्या मांडीवर जाऊन थांबली, आणि दोघांनाही ते फारसं खटकलं नाही असं बघणारे सांगतात. मग पायांखाली दगड लावले, दगड संपले तेव्हा शिळे पाव लावले. एवारिस्तोच्या दोराला शेवटी काम मिळालं. सगळ्या खुर्च्या एका ओळीत गजांना बांधल्या. मिर्ता पहाटेपासून भोपळ्याच्या पुऱ्या तळत होती. तिने जेवायला घातलं, नवऱ्याचं बोलणंही वाढलं. कुणी घोषणा दिल्या नाहीत. कुणी विचारलं तर एकच सांगायचं ठरलं होतं, बाईंना खुर्च्या कमी पडतात म्हणून आणल्यात.

दुसऱ्या दिवशी आणखी लोक आले. पोलीसही आले, पण त्यांच्या हवालदाराची सासू पहिल्या ओळीत विणकाम करत बसली होती. तिने जावयाला नुसतं, जेवलास का, असं विचारलं. तो जेवला नव्हता. पुऱ्या खाऊन गेला.

असं चाललं आठवडाभर. शेवटी नगरपालिकेचा शिक्षणाधिकारी वर आला. त्याने खुर्च्यांची ओळ बघितली, फाटकाआडून बघणाऱ्या बाईला बघितलं, आणि तिला सगळ्यांसमोर विचारलं, नक्की किती खुर्च्या कमी आहेत? बाईचं मग लोण्याला ऊन लागलं की जसं होतं, तसं झालं. अधिकाऱ्याने फाटक उघडायला सांगितलं. नऊ खुर्च्या हातोहात आत गेल्या. त्यांच्यामागून आठ मुली गेल्या. दुसऱ्या आठवड्यात फिजिक्सचा भाचा सुद्धा प्रकट झाला, आणि तो तोतरा नि फार लाजाळू निघाला. पोरींनाच त्याची दया आली.

नववी, पिवळी खुर्ची बेलार्मिनोने स्वतः आत दिली. मग मिक्रो बाजूला लावून टेलिफोनच्या दुकानात गेला, आत्याचा नंबर फिरवला आणि मिर्ताच्या हातात फोन दिला. मिर्ताने सगळं सांगितलं, न्हाविणीच्या गिरक्यांसकट. पलीकडे यास्ना हसली, हे मिर्ता शपथेवर सांगते. मग यास्ना म्हणाली, की आई, मी इथल्या शाळेत बसलेय आता. वर्ष इथंच पुरं करते. बाबाला काही सांगायचंय का, असं मिर्ताने विचारलं. यास्ना म्हणाली, फोनचे पैसे वाढतील, ठेव.

तर टेकडी जिंकली, आणि बेलार्मिनोच्या घरात चहाला दोनच खुर्च्या राहिल्या. पूर्वी रिकामी का असेना, तिसरी होती. आता तिच्या जागी नुसती फरशी. मिर्ता म्हणाली, दुसरी आणू, बाजारात मिळतात. तो म्हणाला, राहू दे.

तेव्हापासून तो थांबायला लागला. तळाच्या थांब्यावर, वरच्या थांब्यावर, जिथं थांबा नाही तिथंही. गणवेश दिसला, हात वर दिसला, की ब्रेक. एकदा एका बाईने दोरीवर कपडे घालायला हात वर केला, तर हा दार उघडून उभा. गणवेशातल्या पोरांना पेंग्विन म्हणतात, म्हणून दुसरे ड्रायव्हर त्याला पेंग्विनांचा बाप म्हणायला लागले. पोरी आधी घाबरल्या, काहीतरी कावा आहे म्हणून, मग निर्ढावल्या. "ए काका, हळू घे ना, लिपस्टिक डोळ्यात जातेय." तो समोर बघत चालवायचा. मात्र प्रत्येक हात वर झाला की आधी त्याची नजर त्या हाताखालच्या मानेकडे जायची, आणि मग गाडी थांबेपर्यंत तो पुन्हा समोर बघायला लागलेला असायचा.

शाळेवरून जाताना खिडकीतून पिवळं काहीतरी दिसायचं. त्या खुर्चीवर एक बारीकशी मुलगी बसायची. तोकड्या पायामुळे तास चालू असताना डुलायची.

फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, यास्ना आली. चार दिवसांसाठी, बेटावरचे बटाटे घेऊन, केस कापलेले. मिर्ताने पाव भाजला. यास्ना स्वयंपाकघरात आली आणि आपल्या जागेकडे बघून थांबली. बेलार्मिनो झटकन उठला, आपली खुर्ची पुढे सरकवली. ती म्हणाली, तू बस. आणि ओट्याला टेकून उभ्यानेच चहा प्यायली. चारही दिवस तसाच प्यायली. उभ्याने चहा पिणारं माणूस आलंय म्हणावं तर आलेलं नसतं, आणि गेलंय म्हणावं तर समोर असतं. 

परत जायच्या दिवशी मिर्ता स्टँडपर्यंत सोडायला येते म्हणाली, यास्नाने नको म्हटलं. पिशवी घेऊन एकटीच उतरून तळाच्या थांब्यावर गेली. बेलार्मिनोची मिक्रो वरून आली. थांब्यावर एकच मुलगी, आणि तिने हात वर केला.

ब्रेक असा लागला की मागची एक म्हातारी कोबीसकट पुढे आली आणि तिने त्याच्या आजीची विचारपूस केली. यास्ना चढली. मागे जागा होती. ती ड्रायव्हरशेजारी दांडा धरून उभी राहिली.

बंदराचा रस्ता लागला. मग ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "बाईने त्या दिवशी नक्की काय विचारलं होतं? शब्द सांग."

त्याने गिअर बदलला. "आज संध्याकाळी मुलगी चहाला घरी असावी, असं वाटतं का. असं."

यास्नाने दांडा दुसऱ्या हातात धरला.

"कशी आणणार, ते विचारायचं होतंस."

"हो," बेलार्मिनो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आता विचारलं तरी हात वर जाईल."

मागची म्हातारी कोबी गोळा करत होती. तिच्या सुद्धा लक्षात आलं आणि तिने शिव्या थांबवल्या.

स्टँडवर उतरताना यास्नाने पिशवी खांद्यावर टाकली. पायरीवर थांबून म्हणाली, "खुर्ची परत मागायला जाऊ नकोस. ती छोटी बसते तिच्यावर, मला मुलींनी सांगितलंय. मला स्टूल चालेल." आणि गर्दीत गेली. कधी लागेल ते स्टूल, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. विचारायचं असतं, हे नुकतंच शिकलेला माणूस, पण इतक्या लवकर कुठून अंगात यायचं?

स्टूल त्याने स्वतःच केलं. बाप सुतार होता म्हणून मुलालाही येतं असं नाही. महिनाभर अंगणात ठोकाठोक चालली होती, एवारिस्तो कुंपणावरून विचारायचा, बेलार, हे नक्की वर कुठलं आणि खाली कुठलं? शेवटी झालं. तिन्ही पाय तीन दिशांना. वर पिवळा रंग, तोही जरा जास्तच पिवळा. चहाच्या टेबलापाशी, त्या फरशीवर ते उभं आहे. मिर्ता रोज पुसते.

घरी कुणी आलं की दमून त्याच्यावर टेकायला जातं. टेकडी चढून आलेल्या माणसाला स्टूल काय नि सिंहासन काय. तेव्हा बेलार्मिनो कप तोंडाला लावलेला असताना, समोरच बघत, उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे, दाराकडे टाकतो.

पाहुणे उठतात. टेकडीवरच्या सगळ्यांना ती खूण पाठ आहे.